भोक पडलेल्या नळीमागे रत्नागिरीला

रत्नागिरीला कुणी आंब्यांच्या दिवसांत जातं, कुणी मामाकडच्या लग्नाला जातं, कुणी नुसतंच समुद्र बघायला जातं. मी ऑक्टोबरच्या घामट उन्हात एका भोक पडलेल्या नळीसाठी गेले. परत आल्यावर मैत्रिणींनी उत्साहानं विचारलं, "काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "नळी." त्यांनी विषय बदलला. म्हणून हे लिहून काढते आहे. लिहिलेलं वाचताना निदान कुणाला समोरच विषय बदलता येत नाही.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी निकेलच्या मिश्रधातूंवर काम करते. काम म्हणजे असं, की धातूचे लहान लहान तुकडे दाबाखालच्या कडकडीत पाण्यात आठवडेच्या आठवडे उकडत ठेवायचे आणि मग बाहेर काढून त्यांच्यावर किती गंज चढला ते बघायचं. हे मी सोलापूरला माझ्या आईला समजावून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे स्वयंपाकच की गं. फक्त कुणाचं पोट भरत नाही."

आमचे साहेब डॉक्टर सबनीस यांना मात्र हे असलं बोलणं खपत नाही. निकेलच्या एका मिश्रधातूवर त्यांचा इतका जीव, की त्याच्याबद्दल बोलताना ते आवाज खाली आणतात. त्यांच्याच शिफारशीवरून रत्नागिरीतल्या एका मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यानं त्या धातूची नळी बसवली होती. साधी पोलादी नळी तिथं टिकत नव्हती. साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, की ही नळी तुमच्या नातवंडांनाही बदलावी लागणार नाही. नातवंडं व्हायच्या आत तिला भोक पडलं.

कारखान्याचे मॅनेजर पाटणकर यांनी कळवलं, की तुमचा धातू फसवा आहे. साहेबांनी कळवलं, की तुमचं पाणी फसवं आहे. इतकं कळवून झाल्यावर दोन्ही बाजूंना चहाची तहान लागली असावी, कारण साहेबांनी स्वतः जायचं ठरवलं आणि भिंग, चिमटे आणि बॅग उचलायला मला बरोबर घेतलं.

लांजा, अगदीच चुकून

कोल्हापूरवरून आंबा घाट उतरेपर्यंत सगळं नीट होतं. पालीला आमच्या एस.टी.नं मान टाकली. कंडक्टर म्हणाला, मागून येणाऱ्या गाडीनं पुढं जा. थोड्या वेळानं एक गाडी आली. तिच्या अंगावर ठळक अक्षरांत 'रत्नागिरी' लिहिलेलं. साहेब मला हाक मारत चढले, मी बॅगा घेऊन चढले, आणि खिडकीची जागा मिळाली म्हणून साहेब खूशही झाले.

गाडीच्या अंगावर तिच्या विभागाचं नाव असतं आणि ती जाणार कुठं ते कपाळावरच्या पाटीवर असतं, हे लहान मुलालाही माहीत असतं. साहेबांनी पाटी वाचली नव्हती. साहेबांनी वाचली नाही म्हणून मीही वाचली नव्हती, कारण आमच्या प्रयोगशाळेत तशीच पद्धत आहे. गाडी राजापूरची होती. कंडक्टरनं तिकीट फाडताना भुवया उंचावल्या तेव्हा आम्ही लांज्याच्या जवळ पोचलो होतो.

लांज्याच्या स्टँडवर काजू भाजल्याचा खरपूस, घशाला धरणारा वास भरून राहिला होता. एका टपरीवाल्यानं साहेबांना शांतपणे विचारलं, "कुठं जायचां होतां?"

"रत्नागिरी," साहेब म्हणाले.

"ती मागं ऱ्हायली," तो म्हणाला, आणि आम्हांला दोन चहा दिले.

आमच्या सोलापुरात माणूस असा चुकला असता तर चार जणांनी तोंडावर हसून घेतलं असतं, दोघांनी 'डोळे फुटले होते काय' म्हणून विचारलं असतं, आणि सगळ्यांनी मिळून त्याला योग्य गाडीत कोंबलं असतं. इथं कुणी हसलं नाही. सगळे फार अदबीनं वागले. आमची परतीची गाडी हलली आणि मी मागे वळून पाहिलं, तेव्हा सगळी टपरी पोट धरून हसत होती. कोकणी माणूस हसायलासुद्धा पाहुणा गावाबाहेर जायची वाट बघतो.

रत्नागिरी, खाऱ्या हवेत

मॅनेजर पाटणकर आम्हांला घ्यायला लॉजवर आले. पांढरा बुशशर्ट, पांढरी पँट आणि तेल लावून चापून बसवलेले केस. बोलणं संथ, सुरात, शेवटचा शब्द किंचित लांबवलेला. भांडणाची गोष्टही ते अशी सांगत, की भजन चाललंय असं वाटावं.

"खारी हवा हो," नळीचा विषय काढल्याबरोबर ते म्हणाले. "इथं काय टिकत नाय. खारी हवा."

पुढच्या दिवसांत मी हे इतक्या जणांकडून ऐकलं, की मला त्या हवेची कीव यायला लागली. लॉजचा पंखा फिरत नव्हता, खारी हवा. सायकल गंजली, खारी हवा. लॉजमालकाचा मुलगा दहावीला दोनदा बसला, त्याचंही खापर थोडंफार हवेवरच होतं. बिचारी हवा समुद्रावरून येते, कुणाला उलट उत्तर देत नाही, आणि पुन्हा समुद्रावर जाते. साहेबांनाही ती लगेच पसंत पडली. हवेनं नळी खाल्ली म्हटल्यावर धातूचं नाव वाचत होतं. मॅनेजरांना मात्र धातूवालाच दोषी हवा होता. खाऱ्या हवेत टिकेल म्हणून दिलेली नळी टिकली नाही म्हटलं, की नवी आयती मिळाली असती. त्यामुळे दोघंही दिवसभर 'खारी हवा' म्हणत होते आणि दोघांच्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होता.

साहेब शाकाहारी. त्यांनी लॉजच्या स्वयंपाक्याला तीन वेळा बजावलं, की माझ्या ताटाला माशाचा हात लागता कामा नये. स्वयंपाक्यानं मान डोलवली, आणि साहेबांना वाढलेल्या आमटीत बोटाएवढी सुकी कोळंबी निघाली. "चवीपुरती आहे," तो अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. त्याच्या हिशेबात सुकी कोळंबी मासा नव्हतीच, मिठासारखीच एक वस्तू होती. साहेब त्या रात्री केळी खाऊन झोपले.

मी मात्र जेवले. बांगड्याचं तिखलं, त्यात तिरफळाचा जिभेला मुंग्या आणणारा वास, वाफाळता भात आणि वर सोलकढी. सोलापूरच्या कडक भाकरी-चटणीवर वाढलेल्या माझ्यासारखीला एवढं पातळ जेवण म्हणजे सुरुवातीला गैरसोयच वाटली. दुसऱ्या वाढपाला ती गैरसोय गेली.

कारखाना

कारखाना बंदराच्या बाजूला, लाल चिऱ्याच्या भिंतींचा. आत शिरल्याबरोबर साहेबांनी रुमाल नाकाला लावला, तो बाहेर पडेपर्यंत काढला नाही. एका लांब टेबलाशी बायका कोळंबी सोलत बसायच्या. आता टेबल रिकामं होतं, कारण नळी फुटल्यापासून काम बंद होतं. ऐन हंगामात होड्या भरभरून येत होत्या आणि सगळा माल दुसरीकडं जात होता.

पुढच्या खोलीत ती दाबाची टाकी. आत पाणी, पाण्यात वेटोळ्यांची नळी, नळीतून वाफ. भरलेले डबे पाण्यात सोडायचे, झाकण घट्ट आवळायचं आणि पाणी उकळीच्याही वर तापवायचं. त्या नळीचं सगळं आयुष्य त्या तापलेल्या पाण्यात जायचं.

"हा धातू वीजकेंद्रांसाठी जन्माला आला," साहेब रुमालातून मला म्हणाले, "आणि हे लोक त्यावर बांगडे शिजवतात."

टाकीच्या खोलीची सगळी देखरेख सुगंधाबाईंकडे होती. मासे शिजवायच्या खोलीत सुगंधा नावाची बाई, हा विनोद तिथल्या प्रत्येकानं आधीच करून झाला असणार म्हणून मी तो केला नाही. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, सडसडीत, नाकात मोरणी, काष्ट्याचं लुगडं. नवरा पूर्णगडला मासेमारीच्या मचव्यावर. कोळंबी सोलणाऱ्या टेबलावरून वर चढत चढत त्या या खोलीपर्यंत पोचल्या होत्या आणि किल्ली कमरेला लावून वावरत होत्या. खोलीत कुठं माशी नाही, भिंतीला डाग नाही, फरशीवर दाणा सांडला तर उचलून खावा.

"खोली तुम्हीच ठेवलीत का हो एवढी स्वच्छ?" मी विचारलं.

"मंग कोण ठेवील? हे?" त्यांनी मॅनेजरांकडं नुसतं हनुवटीनं दाखवलं. "आमच्या सायबांकडं पाव्हणं येतात. कलेक्टर येतो, ब्यांकवालं येतात. झाकण उघडून दाखवतात, बगा आमची टाकी. मान कुणाची जाईल, सांगा."

मॅनेजर अभिमानानं हसले. "आमच्याकडं जो येतो तो म्हणतो, पाटणकर, मशीन आहे की देव्हारा?"

फुटलेल्या नळीचा तुकडा कापून तसाच ठेवला होता. तपकिरी-काळपट, वर वाळलेल्या खवल्यांचा थर, जिथं ती टाकीला आवळून धरली होती तिथला पट्टा अजून चिकटलेला. माझे हात शिवशिवायला लागले. तो थर म्हणजेच तर सगळी साक्ष. धातूनं पाण्यात राहून काय काय सोसलं ते त्याच्या अंगावरच लिहिलेलं असतं. साहेबांनी तुकडा हातात घेतला, एक श्वास घेतला, आणि टाकून दिल्यासारखा परत ठेवला.

"फार वास मारतोय. तेवढा धुऊन आणायला सांगा. सोमवारी बघू."

मी म्हटलं, "सर, धुवायला नको..."

"नुसत्या पाण्यानं हो. एवढं काय?"

मॅनेजरांनी सुगंधाबाईंना हाक मारली आणि सांगितलं, की साहेबांना हा तुकडा स्वच्छ करून हवा. सुगंधाबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला आणि पदरानं झाकून नेला. 'नुसत्या पाण्यानं' हे शब्द मधल्या मध्ये कुठंतरी गळून पडले. साहेबांच्या तोंडचा हुकूम खालपर्यंत पोचताना त्याचं असंच होतं. मोठ्या माणसांचं बोलणं खाली येईपर्यंत त्यातलं फक्त 'करा' तेवढं उरतं.

पूर्णगड

रविवारी साहेब पोट धरून लॉजवर राहिले. केळीही बाधली म्हणाले. सुगंधाबाई सुट्टीच्या दिवशी घरी जात होत्या. त्या मला म्हणाल्या, "येता काय गो बाय? किल्ला बगशीला. एकटी खोलीत काय करशीला?" मी लगेच निघाले.

पूर्णगडचा किल्ला एवढासा आहे, की त्याला किल्ला म्हणताना जरा ओशाळल्यासारखं होतं. आत पाच-पंचवीस पावलं टाकली की पलीकडचा दरवाजा येतो. पण त्या दरवाजातून समुद्र दिसतो आणि ओशाळलेपण मुकाट्यानं निघून जातं. खाली मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. पाणी एका बाजूला गढूळ हिरवं, दुसऱ्या बाजूला निळं. त्या वेळी मला नळीची आठवण झाली नाही. हे कबूल करायला हरकत नाही, कारण साहेब हे वाचणार नाहीत.

सुगंधाबाईंचं घर उतरणीवर, खाली जांभ्याचा चौथरा. पडवीत पाय टाकला आणि मी थबकले. समोरच्या फळीवर तांब्या-पितळेची भांडी ओळीनं मांडलेली. हंडे, कळश्या, परात, तपेली. ती भांडी चमकत होती म्हणणं कमीच, ती डोळ्यांत खुपत होती. रस्त्यावरून जाणारा माणूससुद्धा त्यांच्याकडं बघितल्याशिवाय पुढं जाऊ शकला नसता.

"वापरता का हो ही?"

"वापरायची कशाला? दिसायची आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या थोरलीला बगायला आली ना मंडळी, तिच्याकडं नंतर बगितलां. आदी भांड्यांकडं बगितलां. भांडां काळां असेल तर पोरगी कशी सोन्यासारखी असेल?"

आमच्याकडं सोलापुरात मुलगी बघायला येतात तेव्हा तिला चालायला लावतात, शिवायला लावतात, तिचे दातही बघतात. भांड्यांकडं कुणी बघत नाही. मला कोकणची पद्धत जरा बरी वाटली, कारण भांड्याला अपमान वाटत नाही.

त्या दिवशी मी त्यांच्याकडं तांदळाची भाकरी आणि सुरमईचा तुकडा खाल्ला. निघताना मी त्या फळीवरच्या भांड्यांचं मनापासून कौतुक केलं. सुगंधाबाई लाजल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी बगशीलाच." काय बघायचं ते मला त्या वेळी कळलं नाही.

सोमवार

सोमवारी सकाळी कारखान्यात साहेब, मॅनेजर आणि मी टेबलाभोवती बसलो. सुगंधाबाई आल्या, हातात स्टीलचं ताट, वर हळदीच्या रंगाचा फडका. त्यांनी फडका उचलला.

नळीचा तुकडा लग्नातल्या समईसारखा लखलखत होता.

"बगा," त्या साहेबांना म्हणाल्या, "तोंड दिसेल तुमचां."

दिसलं. लांबट, वाकडं, आणि क्षणाक्षणाला लाल होत जाणारं.

"याच्यावरचा थर कुठंय?" साहेब ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना ओरडताना प्रथमच ऐकलं. ते सहसा दुसऱ्या दिवशी चिठ्ठी पाठवतात.

"कोणचा थर? ता काळां होतां ता? काढलां."

"काढलं? अहो बाई, तोच तर बघायला मी पुण्याहून आलो होतो!"

सुगंधाबाईंना काही कळेना. साहेबांनी स्वच्छ करायला सांगितलं, आपण केलं, आणि साहेब ओरडतायत. पुण्याची माणसं अशीच असतात असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. मी पुढं होऊन विचारलं, "सुगंधाबाई, कशानं घासलंत?"

"कोकमाच्या सोलानं. नेहमीसारखां. सोलां नि मीठ भिजवायचां, चोळून ठेवायचां, मग राख लावून काथ्यानं घासायचां."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"दर शनवारी. टाकी उघडतो, नळी घासतो. सोमवारी पाव्हणं येतात ना."

मी तुकडा उचलला, पट्टा चिमट्यानं सोडवला आणि भिंग लावलं. पट्ट्याखाली काथ्या पोचला नव्हता. पण कोकम आणि मीठ पोचलं होतं, आणि आत जाऊन बसलं होतं. तिथं धातूला बारीक बारीक खड्डे पडले होते, एक त्यातला आरपार. एका खाचेत कोकमाच्या सालीचा इवलासा तुकडा होता. बाहेरून नळी नवरीसारखी नटलेली, आणि आतून पोखरलेली.

वाचकांना एवढंच सांगते, की ही नळी तापलेल्या पाण्यात राहिली, की अंगावर एक पातळ, मळकट कातडी धरते. ती कातडीच तिला वाचवते. ती धरली की पुढचं गंजणं जवळजवळ थांबतं. सुगंधाबाई दर शनिवारी ती कातडी सोलून काढत होत्या, वर आंबट आणि खारट चोळत होत्या, आणि सोमवारी पुन्हा तापलेल्या पाण्यात सोडत होत्या. मनुष्यजातीनं धातूचा इतका पद्धतशीर छळ प्रयोगशाळेतही केला नसेल. आम्ही तसा प्रयोग मांडला असता तर वरून परवानगी मिळाली नसती.

साहेबांचा राग बघता बघता उतरला. त्यांना कळलं, की धातू निर्दोष आहे. मॅनेजरांनाही कळलं, की आपण निर्दोष आहोत. दोघांच्या चेहऱ्यांवर एकदमच उजेड पडला, आणि इतके दिवस एकमेकांकडं न बघणारी ती दोन माणसं एकमेकांकडं बघून हसली.

"म्हणजे कामगाराची चूक," साहेब म्हणाले.

"पूर्णपणे," मॅनेजर म्हणाले. "आजच काढून टाकतो तिला. तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

मग मॅनेजरांनी सोलकढी मागवली. दोघांनी ती मिटक्या मारत संपवली. इतके दिवस कोकणातल्या पाण्याला नाक मुरडणाऱ्या साहेबांनी दुसरा पेलाही घेतला.

सुगंधाबाई दारातच उभ्या होत्या. हातातलं ताट त्यांनी छातीशी धरलं होतं. त्यांना ऐकू जात होतं, आणि ते ऐकू जातंय याचं त्या दोघांना काहीच वाटत नव्हतं.

मला खरंच संताप आला. मी सहसा साहेबांपुढं बोलत नाही, पण तिथं पुण्यातलं दुसरं कुणी नव्हतं.

"पाटणकर," मी म्हटलं, "झाकण उघडून पाहुण्यांना नळी कोण दाखवायचं?"

"मी. म्हणजे, पाहुणे विचारायचे..."

"आणि एखाद्या सोमवारी ती काळी दिसली असती तर?"

मॅनेजरांनी पेल्याच्या तळाशी काही उरलंय का ते बघितलं. दारातून सुगंधाबाईंचा आवाज आला, "एकदा राहिली होती. पोरगी आजारी होती माझी. चार लोकांदेखत बोलले मला."

मी साहेबांकडं वळले. "आणि सर, आपण नळी सुचवली तेव्हा तिला घासू नका असं यांना सांगितलं होतं का?"

"असं कुणी सांगतं का?" साहेब म्हणाले. "उकळत्या पाण्याच्या टाकीत उतरून कुणी नळी घासत बसेल, हे कुणाच्या डोक्यात येईल?"

"कोकणात एखादी पडवी बघितली असती तर आलं असतं," मी म्हटलं. "मी काल बघून आले. सुगंधाबाईंना काढलं तर मी माझं म्हणणं वेगळं लिहीन. त्यात काय नाही सांगितलं आणि कोणी नाही सांगितलं, ते येईल. आणि झाकण कोण उघडायचं तेही."

साहेब माझ्याकडं असे बघत राहिले, की जणू त्यांच्या हाताखालचं एखादं भांडंच बोलायला लागलं होतं. मग म्हणाले, की या बाईंना सूचना दिल्या नव्हत्या हेही लक्षात घ्यायला हवं. मॅनेजर म्हणाले, की आपलं मन तर मुळातच मोठं आहे. सुगंधाबाईंची नोकरी राहिली, एका अटीवर. नळीला यापुढं हात लावायचा नाही. काळी तर काळी.

निघताना

बसवताना उरलेल्या कोऱ्या नळीतून शहराबाहेरच्या एका वर्कशॉपनं नवं वेटोळं वाकवून दिलं. टाकी पुन्हा सुरू झाली. कोळंबी सोलणाऱ्या बायका कामाला आल्या, आणि टेबलावर पुन्हा बडबड आणि गाणी सुरू झाली. आमच्या निघण्याच्या दिवशी मॅनेजरांनी झाकण उघडलं. नव्या नळीवर पिवळसर, मळकट झाक धरायला लागली होती. साहेबांनी तिच्याकडं अशा मायेनं पाहिलं, की मला त्यांच्याबद्दल प्रथमच थोडा जिव्हाळा वाटला.

सुगंधाबाईंना हे सगळं नीट समजावून सांगायची जबाबदारी साहेबांनी उचलली. त्यांनी थरांचे प्रकार, क्रोमियम, ऑक्सिजन वगैरे बरंच सांगितलं. सुगंधाबाई "हो" म्हणत राहिल्या. साहेब हात धुवायला गेले तेव्हा मी म्हटलं, "सुगंधाबाई, घावन्याचा बिडाचा तवा तुम्ही सोलानं घासता का हो?"

"अगो, तवा कसा घासायचा? वर काळां धरलां म्हणून तर घावनं सुटतात. घासला तर मेला पयल्यासून धरायला पायजे."

"ही नळीही तशीच."

त्यांनी टाकीत डोकावून बघितलं. मग मान हलवून म्हणाल्या, "असां होय. एवढांच होतां तर त्या म्हाताऱ्यानं एवढा घसा कशाला फोडला?"

मला एवढं हलकं वाटलं, की मी त्यांचा हात धरला. एका बाईची नोकरी वाचली, तिला विज्ञान पटलं, आणि हे सगळं माझ्या बोलण्यानं झालं. परतीच्या प्रवासभर पुरेल एवढा अभिमान मी तिथल्या तिथं गोळा केला.

सुगंधाबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि टाकीच्या झाकणावर ठेवली.

"हे काय?"

"पाटणकर सायबांना द्या. मी टेबलावर जाते, कोळंबी सोलायला."

"पण नोकरी राहिलीय तुमची! तुम्हांला पटलंय ना?"

"पटलां की. तुजां बरोबर आहे, बाय." त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तवा माझ्या चुलीवर असतो. त्याचां झाकण उघडून कोण बगत नाय. हिला रोज माणसां बगणार. आधी हिच्याकडं बगणार, नि मग माझ्याकडं. परतेकाला मी काय सांगत बसू, काळी आहे पण चांगली आहे म्हणून?"

"मग इथं कोण बघणार?"

"आळशी बाई ठेवा," त्या म्हणाल्या. "हे आळशी बाईचां काम आहे. माझ्यानं नाय व्हायचां."

त्या बाहेर गेल्या. टेबलावरच्या बायकांनी सरकून त्यांना जागा करून दिली. बरोबर मधोमध, कुणी काही विचारलं नाही. त्यांनी बाह्या वर केल्या, समोरची कोळंबीची टोपली बाजूला सारली, आणि आधी आपल्यापुढचं टेबल घासायला घेतलं.